मीडियम वेव्हची कॉइल खरंच गेली आहे का?

अलिबागहून एकांनी विचारलं आहे: आजोबांचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून खाली काढला. दिवे लागतात, व्हॉल्व्ह तापतात, रात्री शॉर्ट वेव्हवर काहीतरी ऐकू येतं. पण मीडियम वेव्हवर मुंबईसुद्धा लागत नाही. गावातल्या मेकॅनिकनं मीटर लावला आणि म्हणाला, "कॉइल गेली. आता कुठे मिळत नाही. आतलं काढून एफएमचं किट बसवून देतो." त्यांना विचारायचं आहे की कॉइल गुंडाळून मिळेल का, आणि मिळाली तर कुठे.

आधी हात जोडून एक विनंती. किट बसवायला आज होकार देऊ नका. एकदा आतली चेसिस रिकामी झाली की तो रेडिओ परत येत नाही. मेकॅनिक खोटं बोलला असं माझं म्हणणं नाही. त्याच्या मीटरनं वायर तुटलेली दाखवली असेल. पण "मीटरला कॉइल तुटलेली दिसते" आणि "कॉइल गेली" यांत बराच फरक आहे, आणि तुमचा खरा प्रश्न या फरकातच आहे. माझ्या टेबलावर "कॉइल गेली" म्हणून आलेल्या रेडिओंपैकी बहुतेकांची कॉइल आतून शाबूत निघाली. दोष कुठे बँड स्विचमध्ये होता, कुठे पॅडर कंडेन्सरमध्ये (हा ऑसिलेटर कॉइलच्या जोडीला असतो), आणि खरोखर कॉइलचा होता तिथेही तार टॅगजवळ, म्हणजे कथलानं जोडायच्या पत्रीजवळ, अगदी टोकाला तुटलेली होती. तेव्हा कॉइल कुठे मिळेल हे शेवटी बघू. आधी कुठली कॉइल, आणि तिचं नेमकं काय झालंय, ते शोधू.

तुम्ही दिलेल्या लक्षणातच निम्मं उत्तर आहे. शॉर्ट वेव्ह थोडीफार वाजते म्हणजे पॉवर सप्लाय, आउटपुट, दोन्ही आयएफटी (व्हॉल्व्हच्या मधल्या, आत कॉइल असलेल्या पत्र्याच्या डब्या) आणि डिटेक्टर काम करतायत. हे सगळं दोन्ही बँडना सामाईक आहे. पहिला व्हॉल्व्हही, म्हणजे बहुधा ईसीएच ८१ किंवा यूसीएच ८१, ठीक आहे. सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा ऑसिलेटर त्याच्यावर चालतो, आणि शॉर्ट वेव्हवर ऑसिलेटर चालवणं मीडियमपेक्षा अवघड असतं. तिथे चालतो तर मीडियमवर व्हॉल्व्हमुळे बंद पडणार नाही. मग उरलं काय? मीडियमची एरियल कॉइल, मीडियमची ऑसिलेटर कॉइल, तिच्याबरोबरचा पॅडर आणि ट्रिमर (स्क्रूनं कमीजास्त करता येणारा छोटा कंडेन्सर), आणि या सगळ्यांना जोडणारे बँड स्विचचे कॉन्टॅक्ट. अख्ख्या रेडिओतून पाच-सहा जागा उरल्या.

हात घालण्यापूर्वी व्हॉल्व्हचे नंबर बघा. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे 'ई'चे असतील तर बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सेट आहे. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे 'यू'चे असतील तर तो एसी-डीसी सेट, आणि त्याची चेसिस थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चेसिसवर पूर्ण २३० व्होल्ट. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडा चालवू नका, हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगितलं आहे. दोन्ही प्रकारांत फिल्टर कंडेन्सर बंद केल्यावरही चार्ज धरून राहतो. रझिस्टर लावून तो उतरवा, मीटरनं खात्री करा, मगच बोट आत. आणि वर्षानुवर्षं पडून असलेला सेट पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावूनच करा. तुम्ही आधीच थेट लावून पाहिला आहे. पुढच्या वेळी तसं नको.

आता पहिली गोष्ट: बँड स्विच. समुद्राजवळच्या घरातले रेडिओ मी खूप पाहिलेत. खारी हवा स्विचच्या चांदीच्या मुलाम्यावर काळी साय धरते. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब कॉन्टॅक्टवर टाका, वेफरवर (स्विचच्या चकतीवर) फवारा मारू नका, आणि रेडिओ बंद असताना नॉब तीस-चाळीस वेळा इकडून तिकडे फिरवा. काही सेट एवढ्यावरच बोलायला लागतात. पॉलिश पेपर किंवा ब्लेड वापरू नका, मुलामा गेला की तो कॉन्टॅक्ट पुन्हा टिकत नाही.

त्यानं फरक पडला नाही तर मीडियमवर ठेवून कान द्या. पूर्ण सामसूम आहे की लांबून पुसट काही येतंय? हे विचारायचं कारण असं की एरियल कॉइलचं प्रायमरी (एरियलच्या वायरकडचं वाइंडिंग) तुटलं तरी स्टेशन थोडंसं झिरपून येतं, रात्री जवळचं मुंबई केंद्र तर नक्की. ऑसिलेटर बंद असला तर डायलवर कुठेच काही नसतं. घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर मात्र आधी बंद करा. त्यांच्या खरखरीत मीडियमवरचं पुसट स्टेशन सहज बुडून जातं आणि आपण कॉइलला दोष देत बसतो.

ऑसिलेटर चालतो की नाही हे बघायला मीटरही लागत नाही, दुसरा कुठलाही चालू ट्रान्झिस्टर पुरतो. माझ्या वस्तादांनी मला हे शिकवलं तेव्हा मला जादूच वाटली होती. कुठलंही स्टेशन आत आलं की ज्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीत बदलतं तिला आयएफ म्हणतात. बहुतेक सेटचा आयएफ ४५५ किलोहर्ट्झ असतो, काही जुन्या फिलिप्सचा ४५२. ऑसिलेटर नेहमी डायलवरच्या आकड्यापेक्षा ४५५ नं वर चालतो. तेव्हा ट्रान्झिस्टरवर मुंबईचं १०४४ लावा आणि तो तुमच्या सेटला चिकटवून ठेवा. आता जुन्या रेडिओचा काटा १०४४ वजा ४५५, म्हणजे ५८९ च्या आसपास हळूहळू फिरवा. ऑसिलेटर जिवंत असेल तर ट्रान्झिस्टरमध्ये बारीक शीळ येईल, आवाज खाली खाली जात थांबेल आणि पुन्हा वर चढेल. तो थांबण्याचा बिंदू ५८९ ऐवजी डायलवर फार दुसरीकडे येत असेल तर ऑसिलेटर चालतोय, पण चुकीच्या जागी. मग संशय पॅडरवर. डायलवर कुठेच शीळ आली नाही तर मीडियमचा ऑसिलेटर बंद आहे. १०४४ त्या वेळी लागत नसेल तर हजारच्या वरचं कुठलंही जोरात लागणारं स्टेशन घ्या आणि त्यातून ४५५ वजा करा.

मीटर असेल तर पक्कं करता येतं. ईसीएच ८१ च्या ९ नंबरच्या पिनेवर, म्हणजे ट्रायोडच्या ग्रिडवर, सेट चालू असताना सात-आठ ते दहा-बारा व्होल्ट वजा दिसायला हवेत. प्रोबच्या टोकाला एक लाख ओहमचा रझिस्टर लावा, नाहीतर प्रोबची वायरच ऑसिलेटर बंद पाडेल. शॉर्ट वेव्हवर हे वजा व्होल्ट दिसले आणि मीडियमवर शून्य आलं तर प्रश्न संपला, मीडियमची ऑसिलेटर बाजूच तपासायची. मीडियमवर काटा वरच्या टोकाला असताना व्होल्ट आहेत आणि खाली ७०० च्या अलीकडे आल्यावर नाहीसे होतात, असंही होतं. ती दमट झालेल्या किंवा आत वेढे शॉर्ट झालेल्या कॉइलची खूण. गँग (काट्याबरोबर फिरणारा पत्र्यांचा कंडेन्सर) पूर्ण मिटलेला असताना कॉइलवर सगळ्यात जास्त भार पडतो, आणि अशक्त कॉइल तिथेच दम सोडते.

आता ओहम. सेट बंद, प्लग बाहेर, कंडेन्सरचा चार्ज उतरवलेला. मीटरच्या दोन प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा आधी बघून ठेवा, तो वजा करायचा, कारण इथे दोन-तीन ओहमच मोजायचे आहेत. साधारण असं दिसतं: मीडियमच्या एरियल कॉइलचं प्रायमरी वीस ते चाळीस ओहम, सेकंडरी दोन ते पाच. ऑसिलेटरचं ट्यूनिंगचं वाइंडिंग दोन ते पाच, फीडबॅकचं त्याहून कमी. शॉर्ट वेव्हच्या कॉइल एका ओहमच्या आत. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे हे आकडे मागेपुढे होतात, म्हणून साडेतीनऐवजी सहा आले तर घाबरू नका. मोजताना प्रोब थेट कॉइलच्या टॅगवर लावा, स्विचच्या पलीकडून मोजू नका. स्विचमधून मोजून "कॉइल तुटली" असा निकाल दिलेले कितीतरी रेडिओ मी पाहिलेत.

ओहममीटर दोन गोष्टी सांगू शकत नाही. एक, शेजारचे दोन वेढे आतल्या आत शॉर्ट झाले असतील तर ओहम जवळजवळ तेवढेच येतात, पण कॉइलचा जीव गेलेला असतो. दुसरी, तलम तारांचा पीळ. या कॉइल बऱ्याचदा सात-आठ केसांसारख्या तारा एकत्र वळून, वर रेशीम गुंडाळून केलेल्या असतात. त्यातल्या चार तुटल्या तरी उरलेल्या तारांतून मीटरला वाट मिळते आणि कॉइल चांगली दिसते. अशी कॉइल ट्यून करताना ओळखू येते. ट्रिमर किंवा कोअर (कॉइलच्या आतला फिरवायचा गाभा) फिरवताना आवाज एका जागी टोकदार चढत नाही, बराच वेळ पसरट राहतो. आणि हो, मोजण्याआधी कोअर फिरवून पाहू नका. कारखान्यातून ज्या जागी तो बसवून आला आहे ती जागा आपल्याला शेवटपर्यंत हवी आहे. पितळी स्क्रू असेल तर मार्करनं खूण करा. कोअर मेणात अडकलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं जोर लावू नका, ड्रायरची कोमट हवा द्या. फुटलेला कोअर बाहेर काढणं हे कॉइल गुंडाळण्यापेक्षा जिकिरीचं काम आहे.

एरियलचं प्रायमरी तुटलेलं असेल असं वाटलं तर खात्रीसाठी एक सोपी युक्ती. २२ किंवा ३३ पीएफचा (पिकोफॅरडचा) सिरॅमिक कंडेन्सर घ्या. एक टोक एरियलच्या वायरला, दुसरं एरियल गँगच्या स्थिर पत्र्यांना. मुंबई दणक्यात लागली तर बाकी सगळं ठीक, फक्त प्रायमरी गेलेलं आहे. आपल्याकडे प्रायमरी जाण्याचं एक ठराविक कारण असायचं. छपरावर किंवा माडाला बांधलेली लांब एरियल, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जवळ पडलेली वीज. घरात जाळीची एरियल असली तरी कुणीतरी तिचं टोक लाइटच्या वायरला लावून बघायचंच. अशा वेळी प्रायमरी काळं पडलेलं दिसतं, वासही येतो.

पण तुमचा रेडिओ अलिबागचा आहे, म्हणून माझा पहिला संशय विजेवर नाही, हिरव्या ठिपक्यावर आहे. मागे मालवणच्या एका घरातून एक सेट आला होता. मीडियमच्या एरियल कॉइलचं प्रायमरी पूर्ण ओपन. कॉइल बाहेर काढून दहापट भिंगाखाली धरली तर वाइंडिंग मधाच्या रंगाचं, कुठेही डाग नाही. मग टॅगकडे पाहिलं. कथलाच्या डागाला लागूनच, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा मोरचुदी ठिपका, आणि त्याच्या कडेला केसाएवढी तार संपलेली. कारखान्यात डाग देताना वापरलेला फ्लक्स धुतला गेला नव्हता. त्यावर चाळीसेक वर्षांची खारी दमट हवा. तांबं तिथेच खाल्लं गेलं होतं, बाकी शंभरावर वेढे जसेच्या तसे.

अशा वेळी करायचं ते इतकंच. कॉइल एक दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात, ४० वॅटच्या बल्बपासून वीतभर लांब ठेवून कोरडी करा. जवळ नको, मेण साठच्या आसपास वितळायला लागतं. नंतर बाहेरच्या वेढ्याचं टोक शिवणाच्या सुईनं अलगद सोडवा. एक किंवा दीड वेढा मोकळा केला की टॅगपर्यंत पुरेशी तार मिळते. प्रायमरीवर तेवढ्यानं काही फरक पडत नाही. तार एकेरी असेल तर टोकाचा मुलामा बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून ओढा. पीळ असेल तर पॉलिश पेपर लावूच नका, निम्म्या तारा तुटतील. स्पिरिटच्या दिव्यावर टोक क्षणभर लाल करा आणि लगेच स्पिरिटच्या वाटीत बुडवा. दिवा आणि वाटी मात्र हातभर अंतरावर ठेवा. मुलामा जळून जातो आणि तांबं लख्ख निघतं. मग सगळ्या तारा एकत्र कथलात भिजल्या का ते भिंगातून बघा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. टॅगवरचा जुना हिरवा थर खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, मगच नवा डाग द्या. तारेला थोडी ढील ठेवा, ताणून बसवलेली तार उन्हाळा-पावसाळ्यात पुन्हा तुटते. मालवणच्या त्या कॉइलनं यानंतर ३१ ओहम दाखवले आणि संध्याकाळी आकाशवाणीचं मुंबई ब केंद्र लागलं.

तुटलेलं टोक आतल्या बाजूचं असेल तर काम अवघड होतं, कारण तिथून वेढा सोडवता येत नाही. टोकाची दोन-तीन मिलिमीटर तार जरी फॉर्मरजवळ दिसत असेल तर तिला दुसरी बारीक तार जोडता येते. हात स्थिर नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या. इथे घाई केली की जी दोन मिलिमीटर तार उरली आहे तीही जाते.

खरोखर जळलेली कॉइल असेल तर गुंडाळावी लागते, आणि ती घरी गुंडाळता येते. जुनी उलगडताना वेढे मोजा, कुठल्या दिशेनं गुंडाळली होती ते लिहा, फॉर्मरच्या कुठल्या टोकापासून किती अंतरावर होती ते मोजून ठेवा. कारखान्यातली जाळीदार नक्षीची गुंडाळी हातानं जमत नाही, त्यासाठी यंत्र लागतं. प्रायमरीसाठी त्याची गरजही नाही. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांच्या मध्ये तेवढेच वेढे ढिगासारखे गुंडाळले तरी काम होतं. ट्यूनिंगचं वाइंडिंग मात्र जपून करायला हवं. ५०० पीएफच्या गँगबरोबर मीडियम वेव्हच्या एरियल बाजूला सुमारे १८० मायक्रोहेन्री लागतात. एक इंच व्यासाच्या नळीवर ३२ गेजच्या इनॅमल तारेचे एकाला एक लागून साधारण ११५ वेढे दिले की एवढं भरतं, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत. मूळ कॉइलपेक्षा ही मोठी दिसेल, पण गुण चांगला देते. ऑसिलेटर कॉइल यापेक्षा कमी हेन्रीची असते, म्हणून तिथे हा आकडा वापरू नका, जुन्या कॉइलचे मोजलेले वेढेच धरा. फीडबॅकचं वाइंडिंग नव्यानं घातलं आणि ऑसिलेटर उठला नाही, तर पहिल्यांदा त्याची दोन टोकं उलटी करून बघा. दिशा चुकली की फीडबॅक उलटा बसतो आणि सगळं बरोबर असूनही सेट गप्प राहतो.

तयार कॉइल हवीच असेल तर नवी शोधू नका, मेलेला रेडिओ शोधा. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, तुमच्याच गावातल्या बंद पडलेल्या दुकानाचा माळा. कॅबिनेट फुटलेला, व्हॉल्व्ह काढून घेतलेला सेट स्वस्तात मिळतो आणि त्याची कॉइल बहुतेक वेळा चांगली असते. एरियल आणि ऑसिलेटर अशी जोडी एकाच सेटमधून घ्या, नाहीतर डायलवर स्टेशनं जागेवर बसत नाहीत. ट्रान्झिस्टरच्या छोट्या डबीतली लाल कोअरची कॉइल लावायचा सल्ला कुणी देईल. लागते, पण मी देत नाही. तिचं वाइंडिंग ट्रान्झिस्टरच्या हिशेबानं केलेलं असतं आणि व्हॉल्व्हबरोबर ती सगळ्या बँडभर सारखी चालत नाही.

आणखी एक, कारण यात माझ्या हातून एक चांगली आयएफटी वाया गेली आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. ढग गडगडल्यासारखी खरखर येते, एरियल काढली तरी थांबत नाही, आणि आयएफटीवर टिचकी मारली की बदलते. मी ते कॉइलचं दुखणं समजून सगळं वाइंडिंग उलगडलं. दोष आयएफटीच्या बुडाशी बसवलेल्या अभ्रकाच्या कंडेन्सरमध्ये होता. एकाच अभ्रकाच्या पानावर दोन्ही बाजूंचे चांदीचे पट्टे असतात, एकावर एचटीचे, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारे मोठे व्होल्ट असतात, आणि वर्षानुवर्षांत चांदी एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे सरकते. तुमच्या सेटमध्ये आत्ता हे लक्षण नाही, पण मीडियम सुरू झाल्यावर अशी खरखर आली तर कॉइलला हात लावू नका. ते अभ्रकाचं पान काढून टाका आणि प्रत्येक वाइंडिंगला बाहेरून तेवढ्याच पीएफचा चांगला कंडेन्सर लावा. हे माप बहुधा १०० ते २०० पीएफच्या दरम्यान असतं.

थोडक्यात क्रम असा: स्विच साफ, मग शिळेची परीक्षा. शीळ आली तर एरियल कॉइल आणि २२ पीएफची युक्ती. शीळ नाही तर ऑसिलेटर कॉइलचे टॅग आणि पॅडर. पॅडर साधारण ४०० ते ६०० पीएफचा अभ्रकाचा असतो, एक टोक उचलून दुसरा लावून बघायला दहा मिनिटं लागतात, म्हणून कॉइल सोडण्याआधी ते करा.

सेट बोलायला लागला की आयएफटीला अजिबात हात न लावता फक्त मीडियमची जुळणी करा. खालच्या टोकाला ५५८ वर ऑसिलेटरच्या कोअरनं काटा जागेवर आणा, वरच्या टोकाला ११८८ वर स्टेशन लागत असेल तर त्यावर, नाहीतर निदान १०४४ वर ट्रिमरनं. एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून तीनदा फेऱ्या मारा. मग एरियलचा कोअर आणि ट्रिमर त्याच क्रमानं, आवाज सगळ्यात मोठा येईपर्यंत. हत्यार प्लॅस्टिकचं घ्या, नाहीतर बांबूची काडी तासून घ्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ आला की कॉइलचं माप बदलतं आणि तो बाजूला घेतल्यावर स्टेशन निघून जातं.

व्हॉल्व्हचे नंबर, मीडियम आणि शॉर्टवर ९ नंबरच्या पिनेवरचे व्होल्ट, आणि चारही वाइंडिंगचे टॅगवर मोजलेले ओहम एवढं कळवा. जमल्यास कॉइलच्या टॅगचा जवळून, उजेडात काढलेला फोटो पाठवा. हिरवा ठिपका असेल तर फोटोत नक्की दिसेल.